अमारिन्थसचें देवस्थान व स्त्राबोचा एक अंक

प्राचीन ग्रीसमध्यें कांहीं क्षेत्रें अशीं होऊन गेलीं कीं, तेथील देवतेचें नांव चहूंकडे गाजत राहिलें, परंतु जेथें तिचें ठाणें होतें तें स्थळ मात्र नकाशावरून पुसलें गेलें. यूबीआ बेटांतील अमारिन्थस हें त्यांपैकीं एक होय. एरेट्रिआ या नगरराज्याची ही मोठ्या यात्रेची जागा. येथील आर्टेमिस देवीस या स्थानावरूनच अमारिसिआ किंवा अमारिन्थिआ असें म्हणत. हें स्थान नेमकें कोठें होतें याविषयीं शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आणि इ. स. २०१७ मध्यें उत्खननानें तो मिटविला. वाद मिटला, आतां त्याची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु हा सर्व शोध ज्या एका अंकापाशीं अडून राहिला होता, त्या अंकाची व तो दुरुस्त करूं पाहणाऱ्या पाठशुद्धीची हकीकत जुन्या पोथ्यांशीं व कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य व्यवहार आहे अशा वाचकांस विशेष अगत्याची आहे. शिवाय या प्रकरणांत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जात आहेत असें आम्हांस दिसतें. देवस्थानाची जागा कोणती, हा एक प्रश्न. आणि स्त्राबोनें मूळांत काय लिहिलें होतें, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागला म्हणून दुसऱ्याचाही लागला असें समजण्यांत येतें. तें कितपत युक्त आहे हें तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. प्राचीनांची साक्ष

प्रथम ग्रंथकारांचें म्हणणें पाहूं. स्त्राबो हा भूगोलकार ऑगस्टस व टायबीरिअस या रोमन बादशहांच्या काळांत होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या खंडाच्या आरंभींच यूबीआ बेटाचें वर्णन आहे. तेथें तो सांगतो कीं, अमारिन्थस ही एरेट्रिआची एक वाडी असून ती नगराच्या तटापासून सात स्टेड अंतरावर आहे. कोणत्या दिशेस, हें तो सांगत नाहीं. त्याच प्रकरणांत, थोड्याच ओळींच्या अंतरानें, एरेट्रिआच्या जुन्या वैभवाची साक्ष म्हणून तो आर्टेमिसच्या देवळांतील एका शिलालेखाचा हवाला देतो. त्या लेखाप्रमाणें एरेट्रिआचे लोक देवीची मिरवणूक ३००० चिलखती पाईक, ६०० घोडेस्वार व ६० रथ यांसह काढीत असत. पुढें चाल्किस व एरेट्रिआ यांच्या युद्धाविषयीं लिहितांना तो याच देवस्थानांतील आणखी एका शिलालेखाचा उल्लेख करतो; त्यांत दुरून फेंकावयाचीं शस्त्रें वापरूं नयेत असा उभयतांचा ठराव कोरलेला होता.

लिव्ही हा रोमन इतिहासकार इ. स. पू. १९२ सालच्या घडामोडी सांगतांना अमारिन्थसच्या देवीच्या वार्षिक उत्सवाचा निर्देश करतो आणि त्या उत्सवास एरेट्रिआचेच नव्हे तर कारिस्टसचेही लोक जमत असें नमूद करतो. कारिस्टस हें नगर बेटाच्या दक्षिण टोंकाशीं आहे. म्हणजे ही केवळ एका गांवची जत्रा नव्हती. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील प्रवासी पॉसेनिअस लिहितो कीं, अथेन्सच्या मुलखांतील अथ्मोनन या गांवीं अमारिसिआची पूजा होत असे, व तिचें मूळ यूबीआंतील अमारिन्थस येथें आहे. अथेन्सजवळच्या आजच्या मारूसी या उपनगराच्या नांवांत त्याच देवीचें नांव शिल्लक राहिलें आहे. ईलिअन या ग्रंथकारानें तर एक चमत्कारिक चाल नोंदली आहे: अमारिन्थसच्या आर्टेमिसला एरेट्रिआचे लोक व्यंग असलेले पशु बळी देत. सामान्यतः देवास अव्यंग पशूच द्यावयाचा, हा ग्रीकांचाही नियम होता. तेव्हां हा अपवाद ध्यानांत ठेवण्यासारखा वाटला यांत नवल नाहीं.

शिलालेखांची साक्ष याहून बळकट आहे. एरेट्रिआच्या नगरसभेचे ठराव व परराज्यांशीं झालेले तह कोरून ते दोन ठिकाणीं उभे करीत: एक नगरांतील अपोलोच्या देवळांत व दुसरें अमारिन्थसच्या आर्टेमिसच्या आवारांत. इ. स. पू. ३४० च्या सुमाराच्या एका ठरावानें देवीच्या उत्सवांत गायन, वादन व काव्यपठण यांचे सामने सुरू करण्यांत आले. तात्पर्य, अमारिन्थस ही वस्तीच्या दृष्टीनें वाडी असली तरी अधिकाराच्या दृष्टीनें राज्याचें दुसरें दप्तरच होतें. असें ठिकाण हरवावें व शतकभर सांपडूं नये, याचें कारण शोधलें पाहिजे.

२. शोधाची वाट कशी चुकली

ग्रीकांचें स्टेड हें माप स्थलपरत्वें बदलतें. तें सुमारें १७७ ते १९२ मीटरांचें धरतात. त्या हिशेबानें सात स्टेड म्हणजे सव्वा ते दीड किलोमीटरांच्या आंतलें अंतर. एरेट्रिआचा तट तर आजही ओळखतां येतो. तेव्हां काम अगदीं सोपें वाटलें: तटापासून सव्वा किलोमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढावें व त्याच्या परिघावर देऊळ शोधावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्वानांनीं हेंच केलें. थडगीं मिळालीं, किरकोळ अवशेष मिळाले. परंतु तीन हजार पाईक व साठ रथ ज्याच्या अंगणांत उतरत असे देवस्थान कांहीं मिळालें नाहीं.

या काळांत दुसऱ्या एका ठिकाणीं वेगळीच साक्ष गोळा होत होती. एरेट्रिआच्या पूर्वेस दहा-अकरा किलोमीटरांवर समुद्रकांठीं वाथिया नांवाचें गांव आहे. त्याच्या खालच्या वस्तीस पुढें जुन्या नांवाच्या अभिमानानें अमारिन्थस असें नांव देण्यांत आलें. गांवाशेजारीं समुद्रास लागून एक टेंकडी आहे. तिला पालेओएक्लिसिएस, म्हणजे जुनीं चर्चें, असें म्हणतात. कारण तिच्यावर मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरें आहेत. या मंदिरांच्या भिंतींत व भोंवतालच्या शेतांत प्राचीन घडीव दगड आणि आर्टेमिसशीं संबंध असलेले शिलालेख आढळत होते. आमच्याकडे मोडक्या देवळाचे चिरे पुढच्या बांधकामांत गेलेले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना यांत अपूर्व असें कांहीं वाटणार नाहीं.

या दगडांचा अर्थ विद्वानांनीं कसा लावला, हें पाहण्यासारखें आहे. दगड हे फिरते असतात, ते एरेट्रिआकडून इमारतीसाठीं आणले असतील, असें समाधान करण्यांत आलें. आतां दगड फिरतात ही गोष्ट खरी. पण हे दगड फिरलेले आहेत याला पुरावा कोणता? पुरावा एवढाच कीं, देऊळ एरेट्रिआजवळ होतें. आणि देऊळ एरेट्रिआजवळ होतें याला पुरावा? स्त्राबोचे सात स्टेड. म्हणजे ज्या अंकाची परीक्षा दगडांनीं व्हावयाची, त्याच अंकाच्या जोरावर दगडांची साक्ष आधींच नाकारली गेली. हा चक्रकदोष होय. नुसत्या एका अंकास पन्नास दगडांहून अधिक मान मिळाला, तो त्याच्या अंगच्या बळानें नव्हे. तो प्रसिद्ध ग्रंथांत छापलेला होता एवढ्यानेंच.

३. क्नोप्फ्लर यांची उपपत्ति

हा चक्रक तोडण्याचें श्रेय स्विस विद्वान् प्रो. डेनिस क्नोप्फ्लर यांस आहे. एरेट्रिआचे शिलालेख हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. इ. स. १९८८ मध्यें पॅरिसच्या शिलालेख व वाङ्मय यांच्या विद्वत्परिषदेपुढें त्यांनीं आपली उपपत्ति मांडली. तिची रचना अशी. देवीशीं संबंध असलेले लेख कोठें कोठें सांपडले याची नोंद एकत्र केली, तर त्यांचा भर एरेट्रिआच्या वेशीपाशीं नसून वाथियाच्या बाजूस पडतो. त्याच भागांत ग्रीक पुरातत्त्व खात्याच्या एफी सापूना-साकेल्लाराकी यांस देवीला वाहिलेल्या मृण्मय मूर्तींचा सांठा मिळाला होता. शिवाय अमारिन्थस हें नांवच फार जुनें आहे. कॉरिन्थस वगैरे नांवांप्रमाणें त्याच्या शेवटचा प्रत्यय ग्रीकपूर्व मानतात. आणि थीब्ज येथें सांपडलेल्या, इ. स. पू. तेराव्या शतकांतील मायसीनिअन लिपीच्या मातीच्या लेखांत अ-मा-रु-तो असें स्थळनाम आढळतें. पालेओएक्लिसिएस टेंकडीवर कांस्ययुगांतील वस्ती होती हें खापरांवरून सिद्ध आहे. म्हणजे नांवाचें वय व टेंकडीचें वय यांचा मेळ बसतो.

एवढें झाल्यावर मग स्त्राबोचा प्रश्न येतो. तेथें क्नोप्फ्लर यांचा तर्क असा: ग्रीक लोक अंक अक्षरांनीं लिहीत. झीटा या अक्षरानें सात व क्साय या अक्षरानें साठ दाखवीत. हीं दोन अक्षरें जुन्या मोठ्या लिपींतही सारखीं दिसत व पुढच्या जलद वळणांत तर फारच जवळ आलीं. स्त्राबोनें क्साय, म्हणजे साठ, लिहिलें. कोणा लेखकानें तें झीटा वाचलें. आणि नंतरच्या कोणी तें अक्षर सोडवून हेप्टा, म्हणजे सात, असा शब्दच लिहून टाकला. साठ स्टेड म्हणजे साडेदहा ते साडेअकरा किलोमीटर. आणि पालेओएक्लिसिएसचें अंतर नेमकें त्याच मर्यादेंत पडतें.

४. पाठशुद्धीची तपासणी

कोणतीही पाठशुद्धि कितीही सुबक असली तरी तिची उलटतपासणी झाली पाहिजे. प्रथम तिच्या बाजूनें काय आहे तें सांगतों. स्त्राबोचा ग्रंथ सतरा खंडांचा. त्याची सर्वांत महत्त्वाची पोथी पॅरिस येथें असून ती दहाव्या शतकांतली आहे. परंतु तींत पहिले नऊच खंड आहेत. आपला उतारा दहाव्या खंडांतील. तेव्हां त्याच्या संपूर्ण पाठासाठीं त्याहून मागाहूनच्या नकलांवर विसंबावें लागतें. स्त्राबो व या नकला यांच्यामध्यें हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत एक अक्षर बिघडणें अशक्य तर नाहींच, उलट अपेक्षितच आहे. त्याच्या ग्रंथांत अंतराचे आंकडे जागोजाग बिघडलेले आहेत, हेंही संपादकांस पूर्वींपासून ठाऊक होतें.

आतां प्रतिकूल मुद्दे. पहिला असा कीं, हातीं असलेल्या पाठांत अक्षर नसून शब्द आहे. हेप्टा हा शब्द व साठ या अर्थाचा हेक्सेकोन्टा हा शब्द, यांचा घोंटाळा सहज होण्यासारखा नाहीं. म्हणजे चूक दोन पायऱ्यांनीं झाली असें धरावें लागतें: आधीं अक्षर चुकलें, मग त्या चुकीचा शब्द झाला. दोन पायऱ्यांची कल्पना अशक्य नव्हे, पण एका पायरीहून ती अधिक आधार मागते.

दुसरा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. त्याच प्रकरणांत साठ रथांचा उल्लेख आहे आणि तेथें साठ हा अंक शाबूत राहिला आहे. मूळ प्रतींत दोन्ही ठिकाणीं क्साय हेंच अक्षर असेल, तर एक बरोबर वाचलें गेलें व दुसरें चुकलें, हें कसें? यावर आम्हांस असें उत्तर सुचतें. रथांच्या अंकाला शेजाऱ्यांचा आधार आहे. तीन हजार पाईक व सहाशें स्वार यांच्या पाठोपाठ साठ रथ हें प्रमाण वाचणाऱ्याच्या मनांत आपोआप भरतें. सात रथ म्हटले तर मिरवणुकीची शोभाच जाते. अंतराच्या अंकाला असा कोणताही शेजार नाहीं. वाडी तटापासून सात स्टेडांवर असली काय किंवा साठांवर असली काय, यूबीआ न पाहिलेल्या लेखकाला दोन्ही सारखेंच. तेव्हां हा आक्षेप पाठशुद्धीस मारक नसून एका अर्थीं तिला पोषकच आहे.

तिसरा मुद्दा तटापासून मोजण्याचा. अंतर तटापासून सांगितलें आहे त्या अर्थीं स्थळ तटाच्या जवळच असावें, असें म्हणतां येईल. हा आक्षेप वजनदार दिसतो, पण वाडी नगराच्या ताब्यांतली असल्यामुळें तिची वाट नगराच्या वेशीपासूनच मोजली जावी हें स्वाभाविक आहे. चौथा मुद्दा मिरवणुकीचा: चिलखती पाईक, घोडेस्वार व रथ अकरा किलोमीटर कसे जातील? याचें उत्तर ग्रीसच्याच इतिहासांत आहे. अथेन्सहून एल्यूसिसला जाणारी प्रसिद्ध मिरवणूक वीस किलोमीटरांवर चालत असे. नगराबाहेर दूर असलेल्या देवतेपर्यंत नागरिकांनीं सशस्त्र चालत जाणें हा आपल्या मुलखावरील हक्क दाखविण्याचाच एक प्रकार होता. अंतर जितकें अधिक तितका तो हक्क ठळक. लिव्ही हा उत्सव एरेट्रिआ येथें होत असल्याचें लिहितो खरा, पण रोमन इतिहासकारानें नगराचें नांव घेऊन त्याचा सगळा मुलूख सुचवावा यांत वावगें कांहीं नाहीं.

या तपासणीवरून आमचें मत असें झालें कीं, क्नोप्फ्लर यांचा तर्क निर्दोष सिद्ध झालेला नसला तरी फार संभवनीय आहे. आणि त्याची खरी थोरवी अक्षरांच्या साम्यांत नाहीं, क्रमांत आहे. त्यांनीं आधीं अंक बदलून मग जागा शोधली नाहीं. आधीं दगडांची, मूर्तींची व नांवाची साक्ष जमविली, आणि त्या साक्षीशीं अंक जुळत नाहीं असें दिसल्यावर मग अंकाकडे वळले. शिवाय आपलें म्हणणें खोटें ठरविण्याचा मार्गही त्यांनीं खुला ठेवला: टेंकडीच्या पायथ्याशीं खणून पाहा.

५. भूमीचा निकाल

तें खणून पाहण्याचें काम ग्रीसमधील स्विस पुरातत्त्व संस्था व यूबीआचें ग्रीक पुरातत्त्व खातें यांनीं मिळून केलें. कार्ल रेबर व अमालिआ कारापास्खालिदू हे या कामाचे प्रमुख होते. इ. स. २००७ मध्यें टेंकडीच्या पायथ्याशीं भक्कम पाया लागला. पुढील मोसमांत तो एका भव्य ओवरीचा असल्याचें दिसून आलें. परंतु ओवरी म्हणजे देवीचें नांव नव्हे. नुसत्या पायावरून कोणत्या देवतेचें आवार हें कसें कळावें? इ. स. २०१७ च्या मोसमांत तें नांवच हातीं आलें. पुतळ्यांच्या बैठकींवर आर्टेमिस, अपोलो व त्यांची माता लेटो यांचे उल्लेख मिळाले. आणि देवीच्या नांवाचा ठसा असलेलीं छपराचीं कौलें मिळालीं.

यांतील कौलांचें महत्त्व वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. कोरीव लेख कितीही सुंदर असला तरी तो चिरा म्हणून मैलोगणती हलवतां येतो. वाथियाच्या लेखांवर आक्षेप होता तो हाच. ठशाचें कौल हें मात्र देवस्थानाच्या स्वतःच्या मालाचें चिन्ह आहे. हा माल देवीचा, तो दुसऱ्यानें उचलूं नये, यासाठीं तो ठसा मारीत. आणि अशीं कौलें ज्या इमारतीच्या पडझडींत, तिच्या पायाशेजारीं मिळतात, त्या इमारतीची मालकी कोणाची याविषयीं शंका उरत नाहीं. दिसावयास अगदीं क्षुद्र अशा वस्तूनें येथें बोलक्या शिलालेखाहून पक्की साक्ष दिली.

त्यानंतरच्या मोसमांत खुद्द देवळाचें जोतें उघडें पडलें. इ. स. पू. सातव्या शतकांतील हें देऊळ ३४ मीटर, म्हणजे ग्रीक मापाचे सुमारें शंभर फूट, लांब असून त्याची एक बाजू अर्धवर्तुळाकार आहे. आंत वेदी, दागिने, भांडीं व देवीस वाहिलेल्या इतर वस्तु पुष्कळ मिळाल्या. येथें वादाचा पहिला भाग संपला. अमारिन्थसचें देवस्थान एरेट्रिआच्या वेशीबाहेर नव्हतें, पालेओएक्लिसिएसच्या पायथ्याशीं होतें.

६. सिद्ध काय व असिद्ध काय

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. देऊळ साठ स्टेडांवर सांपडलें, त्या अर्थीं स्त्राबोनें साठच लिहिलें होतें, असें अनुमान सर्रास काढण्यांत येतें. सामान्य वृत्तांतांतून तर, स्त्राबोच्या खऱ्या आंकड्यानें देवळाची जागा दाखविली, अशी भाषा आढळते. ही भाषा आम्हांस मान्य नाहीं.

सात हा आंकडा चुकीचा आहे, एवढेंच उत्खननानें सिद्ध झालें. तो कोणी चुकविला, हें उत्खनन सांगूं शकत नाहीं. चूक तीन ठिकाणीं संभवते. ती नकलकाराची असेल. क्नोप्फ्लर यांचें म्हणणें हें. ती स्त्राबोची स्वतःची असेल. ग्रीसचें वर्णन करतांना त्यानें पूर्वसूरींच्या ग्रंथांवर मोठी भिस्त ठेवली आहे, आणि दुसऱ्याच्या ग्रंथांतील क्साय त्यानेंच झीटा वाचला नसेल असें कोणी सांगावें? किंवा ती त्याच्या आधारग्रंथांतच असेल. पहिल्या संभवांत स्त्राबोचा पाठ दुरुस्त करणें हें संपादकाचें कर्तव्य आहे. दुसऱ्या व तिसऱ्या संभवांत मात्र सात हाच स्त्राबोचा खरा पाठ ठरतो, आणि तो बदलणें म्हणजे ग्रंथकाराची चूक आपण सुधारून ती त्याच्या नांवावर खपविणें होय. पोथीचा संपादक ग्रंथकारानें काय लिहिलें तें शोधतो. त्यानें काय लिहावयास हवें होतें तें शोधीत नाहीं.

म्हणून आमच्या मतें संपादकानें मूळांत सात हाच पाठ ठेवावा, आणि क्नोप्फ्लर यांची पाठशुद्धि टीपेंत अग्रस्थानीं, तिच्या आधारांसह, द्यावी. हा केवळ संपादकी शिष्टाचाराचा प्रश्न नाहीं. साठ हा आंकडा एकदां मूळांत छापला गेला, कीं पुढचा वाचक तोच देवळाच्या जागेचा स्वतंत्र पुरावा म्हणून दाखवूं लागेल. म्हणजे दगडांवरून अंक दुरुस्त केला व दुरुस्त अंकानें दगडांस दुजोरा दिला, असा नवा चक्रक सुरू होईल. पूर्वीच्या विद्वानांनीं अंकासाठीं दगड नाकारले, तो एक दोष. आपण दगडांसाठीं अंक घडविला व त्यास साक्षीदार केलें, तर तो त्याच जातीचा दुसरा दोष.

यावर असें विचारतां येईल कीं, तर मग पोथींतील कोणताच अंक कधीं दुरुस्त करूं नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ज्या अंकाला ग्रंथांतच अडसर घातलेला असतो, तो आंतूनच दुरुस्त करतां येतो. आमच्या मोडी कागदांत रक्कम अंकीं व अक्षरीं अशी दोन्ही लिहितात. एक बिघडली तर दुसरी तिला सांवरते. तारखेच्या नोंदींत शकाबरोबर संवत्सराचें नांव, मास, तिथि व वार असतात. शकाचा एक अंक चुकला तर गणितानें तो पकडतां येतो. अशा ठिकाणीं दुरुस्ती करणारा ग्रंथकाराच्याच शब्दानें ग्रंथकाराला सावरून घेतो. स्त्राबोच्या अंतराला असा अडसर नाहीं. त्याची परीक्षा ग्रंथाबाहेर, जमिनीवरच होऊं शकते. आणि जमीन अंतर सांगते, पाठ सांगत नाहीं. अंतर्गत प्रमाणानें केलेली दुरुस्ती व बाह्य प्रमाणानें केलेली दुरुस्ती, यांच्या योग्यतेंत हा भेद आहे. तो दृष्टीआड झाला तर ज्या स्थळांविषयीं ग्रंथांतील एखादा आंकडा हाच एकमेव आधार उरला आहे, तेथें ज्याला जेथें कुदळ मारावीशी वाटेल त्या मापानें तो आंकडा फिरविला जाईल, आणि स्त्राबो हा साक्षीदार न राहतां आमचाच प्रतिध्वनि होईल.

७. उपसंहार

एका अक्षराच्या संशयावरून एवढा विस्तार कशासाठीं, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु संग्राहकाच्या रोजच्या कामास यांतून कांहीं निश्चित बोध मिळतो. वाथियाचे दगड उपयोगी पडले, ते त्यांवर लेख होते म्हणून. पण निर्णायक ठरले, ते कोठें सांपडले याची नोंद होती म्हणून. ही नोंद नसती तर क्नोप्फ्लर यांस एकत्र करावयास कांहींच उरलें नसतें. शिलालेख, ताम्रपट किंवा दप्तराचा रुमाल मिळाला म्हणजे मजकुराबरोबर त्याचें सांपडण्याचें स्थळ, मूळ मालक व शेजारच्या वस्तु यांची टिपणी ताबडतोब केली पाहिजे. मागाहून केलेली टिपणी ही आठवण असते, नोंद नव्हे. तसेंच नक्कल करतांना मूळांत अंक असेल तर अंक व अक्षर असेल तर अक्षर, जसेंच्या तसें उतरावें. अज्ञात लेखकानें झीटा सोडवून हेप्टा लिहिलें, तेव्हां वाचकाचें काम सोपें करतों असेंच त्यास वाटलें असेल. पण त्या सोपेपणांत चुकीची खूण बुजून गेली. अक्षर तसेंच राहिलें असतें, तर पहिल्याच चाणाक्ष संपादकाला संशय आला असता.

क्नोप्फ्लर यांच्या कार्याचा आम्ही मनःपूर्वक गौरव करतों. त्यांनीं पाठशुद्धि केली म्हणून नव्हे, तर तिला पुराव्याच्या रांगेंत शेवटीं उभें केलें म्हणून. त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं तिला त्या रांगेंतून उचलून पहिल्या जागीं आणूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. देवीचें स्थान आतां निश्चित झालें आहे. स्त्राबोचा अंक मात्र अजून न्यायप्रविष्ट आहे, आणि जुनी, शुद्ध पोथी हातीं येईपर्यंत तो तसाच राहूं देणें हेंच संशोधनाच्या शिस्तीला धरून होईल.